ई-रेटची सवलत आणि तिचा शिरस्ता

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी पुष्कळजण आता तेथील शाळांच्या कारभारात कमीअधिक प्रमाणात गुंतलेले आहेत. कोणी लोकांनी निवडून दिलेल्या शिक्षणमंडळावर आहे, कोणी एखाद्या खासगी शाळेचा विश्वस्त आहे, कोणी गावच्या ग्रंथालयाच्या समितीवर आहे, आणि त्यांपैकी ज्याची हयात संगणकाच्या व्यवसायात गेली आहे त्याच्यावर तर, त्याची इच्छा असो वा नसो, ‘शाळेच्या इंटरनेटचे तेवढे तुम्ही पाहा’ ही कामगिरी हमखास सोपवली जाते. अशा माणसाला राउटर, स्विच आणि फायबर यांचे ज्ञान भरपूर असते. परंतु त्या सर्वांच्या बिलाचा मोठा हिस्सा, क्वचित दहा डॉलरांपैकी नऊ, ज्या संघराज्यीय योजनेतून मिळू शकतो, त्या योजनेचा दप्तरी शिरस्ता त्याला ठाऊक नसतो, आणि ज्ञानाच्या भरवशावर त्याने उत्साहाने उचललेले पहिलेच पाऊल पुष्कळदा त्या शिरस्त्याच्या विरुद्ध पडते. त्या योजनेला बोलण्यात सर्वजण ई-रेट म्हणतात. प्रस्तुत लेख तिच्याविषयी, आणि त्यातही विशेषेकरून तिच्यातील कामांच्या क्रमाविषयी आहे. कारण शाळेला गरज नव्हती किंवा पात्रता नव्हती म्हणून हा पैसा हातचा गेल्याची उदाहरणे थोडी, आणि आधी करायचे ते मागाहून व मागाहून करायचे ते आधी केले म्हणून गेल्याची उदाहरणे फार, असे माझे मत आहे.

योजनेचा उगम १९९६ च्या दूरसंचार कायद्यात आहे. अध्यक्ष क्लिंटन यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयात त्या कायद्यावर सही केली, आणि त्याच्या २५४ व्या कलमाने, परवडेल अशा दरात टेलिफोन देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला पाहिजे हे जे जुने धोरण होते, त्याची व्याप्ती शाळा आणि ग्रंथालये यांच्यापर्यंत नेली. त्या वर्षी अमेरिकेतील सरकारी शाळांच्या शंभर वर्गखोल्यांपैकी जेमतेम चौदांत इंटरनेट होते; २००५ साली तो आकडा चौऱ्याण्णवावर गेला. याचे सगळे श्रेय एकट्या ई-रेटच्या पदरात घालणे अतिशयोक्तीचे होईल, तरी ग्रामीण आणि गरीब वस्तीतील शाळांना तिच्यावाचून हे साधले नसते, हे तिच्या टीकाकारांनाही नाकारणे कठीण जाते. प्रत्यक्ष कारभार १९९८ मध्ये सुरू झाला तेव्हा वार्षिक खर्चाची मर्यादा सव्वादोन अब्ज डॉलर होती. २०१४ मध्ये योजनेची फेररचना झाली तेव्हा ती ३.९ अब्ज झाली, आणि महागाईच्या प्रमाणात ती दरसाल वाढत असते. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतून येत नाही. आंतरराज्यीय व आंतरराष्ट्रीय दूरसंचार सेवेच्या उत्पन्नावर कंपन्यांना एक वर्गणी द्यावी लागते, आणि कंपन्या ती आपल्या ग्राहकांकडून वसूल करतात. आपल्या टेलिफोनच्या बिलात ‘युनिव्हर्सल सर्व्हिस’ या नावाची जी बारीक अक्षरातली रक्कम असते ती हीच. या वसुलीच्या घटनात्मकतेवर आक्षेप घेणारा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २७ जून २०२५ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही व्यवस्था वैध ठरवली, तेव्हा ‘ही योजना राहील की जाईल’ या सबबीवर अर्ज लांबणीवर टाकण्याचे कारण तूर्त उरलेले नाही.

नियम करणारी संस्था म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन. परंतु अर्ज घेणे, तपासणे, मंजुरी देणे आणि रक्कम चुकती करणे हा सारा व्यवहार त्या आयोगाच्या देखरेखीखाली युनिव्हर्सल सर्व्हिस ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कंपनी ही बिननफ्याची संस्था पाहते. या क्षेत्रातील लोक तिला ‘युसॅक’ म्हणतात, आणि आपला सगळा पत्रव्यवहार तिच्याशीच व्हावयाचा आहे.

पात्रतेचा प्रश्न फारसा गहन नाही. ज्या राज्यात शाळा आहे त्या राज्याच्या कायद्याने जी प्राथमिक किंवा माध्यमिक शाळा ठरते, जी नफ्यासाठी चालवली जात नाही, आणि जिचा कायम निधी पाच कोटी डॉलरांहून अधिक नाही, ती शाळा पात्र. मग ती सरकारी असो, खासगी असो किंवा एखाद्या धर्मसंस्थेने चालवलेली असो. महाविद्यालये बाहेर, नफ्याच्या शाळा बाहेर, घरच्या घरी मुलांना शिकवणारी कुटुंबेही बाहेर. सार्वजनिक ग्रंथालयांचे नियम थोडे निराळे आहेत, पण पुढे सांगितलेला क्रम त्यांनाही लागू आहे.

सवलत किती मिळेल हे मात्र सावकाशीने समजून घेण्यासारखे आहे. शाळा श्रीमंत की गरीब, हे ठरवण्यासाठी योजनेने शाळेच्या जमाखर्चाकडे पाहिलेले नाही. तिने मुलांच्या दुपारच्या जेवणाकडे पाहिले आहे. राष्ट्रीय शालेय भोजन योजनेखाली विनामूल्य किंवा कमी दरात जेवण मिळण्यास शंभरांपैकी किती विद्यार्थी पात्र आहेत, आणि शाळा शहरी भागात आहे की ग्रामीण, या दोन गोष्टींवरून सवलतीचा दर निघतो. पात्र विद्यार्थी एक टक्क्याहूनही कमी असतील तर शहरी शाळेला २० टक्के आणि ग्रामीण शाळेला २५. एक ते एकोणीस टक्क्यांपर्यंत अनुक्रमे ४० आणि ५०. त्यानंतर चौतिसांपर्यंत ५० आणि ६०. एकोणपन्नासांपर्यंत ६० आणि ७०. पन्नासापासून चौऱ्याहत्तरांपर्यंत दोघांनाही ८०, आणि पंचाहत्तर टक्क्यांपासून वर ९०. एका जिल्ह्यातील सर्व सरकारी शाळांचा दर जिल्ह्याच्या एकूण विद्यार्थिसंख्येवरून एकच काढला जातो. आणि जेथे सर्वच मुलांना अर्ज न भरता जेवण देण्याची सामुदायिक व्यवस्था आहे तेथे, सरकारी मदतीच्या याद्यांवरून परस्पर पात्र ठरलेल्या मुलांच्या टक्केवारीला १.६ ने गुणून, शंभराच्या आत राहील असा आकडा धरतात.

वरच्या कोष्टकातील पहिल्या दोन पायऱ्यांकडे वाचकांनी पुन्हा एकदा पाहावे, कारण सुस्थितीतील वस्तीतल्या लहान खासगी शाळा नेमक्या तेथेच आपले नुकसान करून घेतात. एक टक्क्याची रेषा ओलांडताच सवलत दुप्पट होते. म्हणजे दोनशे मुलांच्या शहरी शाळेत अवघी दोन मुले पात्र असल्याचे कागदोपत्री सिद्ध झाले की वीस टक्क्यांचे चाळीस होतात. असे असून, ‘आमच्या शाळेत तसे कोणी नाही’ असे मोठ्या समाधानाने सांगणारे विश्वस्त जागोजाग भेटतात. नोकरी गेलेला बाप, एकटीने संसार ओढणारी आई, शिष्यवृत्तीवर शिकणारे मूल प्रत्येक शाळेत असते. फक्त त्यांना कोणी विचारलेले नसते, आणि विचारल्याशिवाय आपले उत्पन्न सांगायला कोणी पुढे येत नाही. जी शाळा भोजन योजनेत नाही तिला उत्पन्नाची पाहणी करून हा आकडा सिद्ध करता येतो: दारिद्र्यरेषेच्या १८५ टक्के किंवा त्याहून कमी उत्पन्नाची कुटुंबे त्यात पात्र धरली जातात. पाहणीचा कागद सर्व पालकांकडे सारख्याच शब्दांत जावा, तो फक्त कचेरीतील एका जबाबदार माणसाच्या हाती परत यावा, आणि कोणी काय लिहिले याची वाच्यता शिक्षकांच्या खोलीतही होऊ नये. ज्यांनी कागद भरून दिला नाही त्यांच्या वतीने अंदाज बांधण्याची पूर्वीची मुभा आता नाही. म्हणून कागद परत आणण्यासाठी पालकांकडे तगादा लावणे हे काम हलके समजू नये.

सवलत कशावर मिळते, याचे दोन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गात शाळेच्या इमारतीपर्यंत येणारी सेवा, म्हणजे इंटरनेट आणि ते वाहून आणणारी फायबरसारखी साधने. दुसऱ्या वर्गात इमारतीच्या आतील जोडणी, म्हणजे केबल, स्विच, राउटर, बिनतारी जोडणीची उपकरणे, प्राथमिक स्वरूपाची फायरवॉल आणि त्यांची देखभाल. पहिल्या वर्गात सवलतीची परमावधी ९० टक्के आहे, दुसऱ्यात ८५. शिवाय दुसऱ्या वर्गासाठी प्रत्येक शाळेला वा जिल्ह्याला पाच वर्षांची एकत्रित मर्यादा घालून दिलेली असते. २०२१ ते २०२५ या पाच अनुदानवर्षांच्या आवर्तनात ती दर विद्यार्थ्यामागे १६७ डॉलर, आणि कितीही लहान शाळा असली तरी किमान २५,००० डॉलर अशी होती. २०२६ पासूनच्या आवर्तनात ती महागाईनुसार वाढवलेली आहे. मर्यादेच्या रकमेवर सवलतीचा दर लावायचा असतो, हे विसरून सगळी मर्यादा आपल्याला रोख मिळणार असे समजणारे अंदाजपत्रक अनेक समित्यांपुढे येते.

जे मिळत नाही तेही सांगितले पाहिजे. टेलिफोनच्या संभाषणसेवेवरील सवलत २०१५ पासून दरसाल वीस अंकांनी घटवत पुढे पूर्ण बंद केली गेली. विद्यार्थ्यांचे लॅपटॉप आणि टॅबलेट, शिक्षकांचे प्रशिक्षण, ई-मेल, अनिष्ट मजकूर अडवणारी गाळणी यांवर सवलत नाही. शाळेच्या बसमधील वायफायला २०२३ मध्ये आणि विद्यार्थ्यांना घरी नेण्यासाठी उसने देण्याच्या हॉटस्पॉटना २०२४ मध्ये मुभा मिळाली होती. आयोगावरील बहुमत बदलले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही मुभा काढून घेतल्या गेल्या. राज्यकर्त्यांच्या मर्जीबरोबर यादीच्या कडा अशा हलतात, म्हणून दरसाल प्रसिद्ध होणारी पात्र सेवांची यादी त्या त्या वर्षी नव्याने वाचावी. मागील वर्षीच्या आठवणीवर अर्ज करू नये.

आता क्रमाकडे वळू. अनुदानवर्ष १ जुलैपासून ३० जूनपर्यंत चालते, आणि त्याची तयारी वर्षभर आधी सुरू व्हावी लागते. युसॅकच्या ‘एपिक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संकेतस्थळावर शाळेचे खाते उघडून, तिचा क्रमांक घेऊन, कोणाला सही करण्याचा अधिकार आहे हे तेथे नोंदवले, की पहिला खरा कागद म्हणजे फॉर्म ४७०. आपल्याला कोणत्या सेवा किती प्रमाणात हव्या आहेत याचे हे जाहीर निवेदन असते. ते प्रसिद्ध झाल्यापासून किमान २८ दिवस सर्व पुरवठादारांच्या देकारांसाठी दार उघडे ठेवावे लागते, आणि त्या मुदतीत कोणाशीही करार करता येत नाही. राज्याचे किंवा जिल्ह्याचे स्वतःचे खरेदीनियम याहून कडक असतील तर तेही पाळावे लागतात.

सगळ्या योजनेचे मर्म या एका कागदात आहे. गरज शाळेने ठरवायची, शाळेनेच लिहायची, आणि पुरवठादाराने ती वाचून मग यायचे. व्यवहारात बहुधा उलटे होते. पुरवठादाराचा प्रतिनिधी आधी येतो, इमारत हिंडून पाहतो, सद्भावनेने एक यादी करून देतो, आणि शाळेचा कारकून तीच यादी उपकरणांच्या क्रमांकांसह फॉर्मवर उतरवतो. तपासनिसाला हे ओळखायला वेळ लागत नाही. स्पर्धा निष्पक्ष नव्हती एवढा एकच शेरा मारला जातो आणि सगळी मंजुरी नाकारली जाते, मग शाळेची गरज कितीही खरी असो. यासाठी मागणी कार्याच्या भाषेत लिहावी: इतक्या खोल्या, इतकी मुले एकाच वेळी, इतका वेग, इतके मजले. एखाद्या विशिष्ट बनावटीचे नाव घ्यावेच लागले तर त्यापुढे ‘अथवा समतुल्य’ हे शब्द न विसरता घालावेत. एका पुरवठादाराने शंका विचारली तर तिचे उत्तर सर्वांना दिसेल अशा ठिकाणी द्यावे, आणि इमारत दाखवायची तर सर्वांना दाखवावी.

येथे आपल्या मराठी समाजापुरती एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. महाराष्ट्र मंडळात गाठीभेटी होत असतात, कोणाचा भाचा नेटवर्किंगच्या कंपनीत असतो, कोणी स्वतःच तशी कंपनी काढलेली असते, आणि ‘आपला माणूस आहे, वाजवी भावात करून देईल’ हा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. त्या आपल्या माणसाने देकार देण्यास हरकत नाही. पण ज्याचा त्याच्याशी नातेसंबंध किंवा आर्थिक संबंध आहे त्या विश्वस्ताने मागणी लिहिण्यात आणि देकार तपासण्यात भाग घेऊ नये, आणि आपण बाजूला झाल्याची नोंद सभेच्या वृत्तान्तात करून घ्यावी. नजराण्यांच्या बाबतीत तर नियम आकड्यांत सांगितलेला आहे: पुरवठादाराकडून एका वेळी २० डॉलरांपर्यंतची आणि एका अनुदानवर्षात एकंदर ५० डॉलरांपर्यंतचीच वस्तू किंवा भोजन स्वीकारता येते, आणि हे बंधन वर्षाचे बाराही महिने असते. दिवाळीला आलेली सुक्या मेव्याची देखणी पेटी या मर्यादेबाहेर सहज जाते. खऱ्या आप्तेष्टांनी स्वतःच्या खिशातून दिलेल्या भेटीला हा नियम आड येत नाही. परंतु ती पेटी कंपनीच्या खर्चाने आली की घरच्या, हे पुढे सिद्ध करीत बसण्यापेक्षा साभार परत करणे बरे.

देकार आले म्हणजे त्यांची तुलना गुण देऊन करावी, आणि पात्र सेवांच्या किमतीला इतर कोणत्याही निकषापेक्षा अधिक गुण असावेत. किमतीला तीस गुण ठेवले असतील तर अनुभव, तत्परता, स्थानिक कचेरी यांपैकी कशालाही एकोणतीसच्या वर नेता येत नाही. ‘किंमत तीस, अनुभव तीस’ अशी समान वाटणीसुद्धा नियमभंग ठरते. सर्वांत स्वस्त तोच घेतला पाहिजे असे मात्र नाही. एकच देकार आला तर ‘एकच आला, तो तपासून किफायतशीर वाटला’ असे टिपण तारखेसह दप्तरात ठेवावे; तारीख महत्त्वाची. अगदी लहान शाळांसाठी एक सोय आहे, तिचा फायदा फार थोडे घेतात: सर्वसामान्य व्यावसायिक ग्राहकांना जाहीर दराने मिळणारे इंटरनेट, ज्याचा उतरता वेग निदान १०० आणि चढता निदान १० मेगाबिट आहे आणि ज्याचा खर्च एका इमारतीमागे वर्षाला ३,६०० डॉलरांच्या आत आहे, ते घेताना फॉर्म ४७० आणि स्पर्धेची अट लागू होत नाही. ज्या शाळेची गरज तेवढ्यात भागते तिने उगाच मोठ्या निविदेच्या भानगडीत पडू नये.

करार झाल्यावर फॉर्म ४७१, म्हणजे प्रत्यक्ष पैशाचा अर्ज. तो घेण्याची खिडकी साधारणतः जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या अखेरीपर्यंत उघडी असते, नेमक्या तारखा दरसाल जाहीर होतात, आणि शेवटच्या दिवशी मध्यरात्री ती बंद होते. हिशेब मागे मोजावा: मार्चअखेर अर्ज, त्याआधी करार, त्याआधी देकारांची तपासणी, त्याआधी २८ दिवस, म्हणजे फॉर्म ४७० फेब्रुवारीत टाकणारा माणूस धाडसी म्हटला पाहिजे. वस्तुतः तो आदल्या जुलैपासून टाकता येतो, आणि नाताळापूर्वी टाकला तर देकारही अधिक येतात, कारण पुरवठादारांचीही फेब्रुवारीत तारांबळ उडालेली असते. अर्जात शाळा असे वचन देते की सवलत वजा जाता उरणारा हिस्सा ती स्वतः भरील. ‘तुमचे दहा टक्के आम्ही सोडून देऊ’ असे एखाद्या पुरवठादाराने सुचवले तर ते औदार्य समजू नये. तो सरळ सरळ नियमभंग आहे, आणि त्याची झळ दोघांनाही लागते.

अर्ज गेल्यावर तपासनिसाचे प्रश्न येतात. उत्तरासाठी १५ दिवस मिळतात, आणि मागितल्यास मुदतवाढही मिळते. परंतु प्रश्न ज्या पत्त्यावर येतो तो पत्ता दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या कारकुनाचा असेल तर पंधरा दिवस कसे सरले हे कळतही नाही. खात्यावर नेहमी दोन माणसांची नावे ठेवावीत. मंजुरीचे पत्र आले की आनंद करण्यास हरकत नाही, पण ते पत्र म्हणजे पैसा नव्हे. त्यानंतर फॉर्म ४८६ भरून सेवा सुरू झाल्याचे कळवावे लागते; सेवा सुरू झाल्याची तारीख आणि मंजुरीपत्राची तारीख यांतील जी नंतरची असेल तिच्यापासून १२० दिवसांत तो गेला नाही तर तेवढ्या काळाची सवलत कापली जाते.

याच फॉर्मवर बालसंरक्षणाच्या कायद्याची पूर्तता प्रमाणित करावी लागते. २००० सालचा हा कायदा २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ग्राह्य ठरवला. इंटरनेट किंवा आतील जोडणी यांवर सवलत घेणाऱ्या शाळेने अश्लील आणि मुलांना घातक अशी चित्रे अडवणारी गाळणी बसवावी, इंटरनेटच्या सुरक्षित वापराचे धोरण लिहून काढावे, आणि त्या धोरणावर आगाऊ सूचना देऊन एक जाहीर सभा किंवा सुनावणी घ्यावी, अशा त्याच्या मुख्य अटी आहेत. २००८ पासून मुलांना ऑनलाइन वागणुकीचे शिक्षण देण्याची अटही आहे. गाळणी सक्तीची, आणि तिच्यावर सवलत मात्र नाही, ही विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, गाळणीचा खर्च शाळेच्या अंदाजपत्रकात धरून ठेवावा. खासगी शाळा बहुधा जाहीर सभेच्या अटीवर अडखळतात. पालकांची नेहमीची सभा या कामासाठी चालू शकते. मात्र विषयपत्रिकेवर विषय हवा, सूचनेची प्रत हवी, आणि वृत्तान्तात चर्चेची नोंद हवी.

पैसे मिळण्याचे दोन मार्ग आहेत. एकात पुरवठादार सवलत वजा करूनच बिल पाठवतो आणि उरलेले युसॅककडून स्वतः वसूल करतो. दुसऱ्यात शाळा पूर्ण बिल भरते आणि फॉर्म ४७२ वर परताव्याची मागणी करते, त्यासाठी आपल्या बँकखात्याची माहिती फॉर्म ४९८ ने आधी नोंदवलेली असावी लागते. कोणता मार्ग घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क शाळेचा आहे, पुरवठादाराचा नव्हे. ज्या शाळेच्या गंगाजळीत फारसे काही नसते तिने पहिला मार्ग घ्यावा हे उघड आहे, आणि ते करारातच लिहून घ्यावे. दरमहा चालणाऱ्या सेवांच्या वसुलीची अखेरची तारीख सामान्यतः २८ ऑक्टोबर असते. त्या तारखेपर्यंत मागितली तर एकदाच १२० दिवसांची वाढ मिळते, दुसऱ्या दिवशी मागितली तर मिळत नाही. मंजूर होऊनही वेळेवर न मागितल्यामुळे परत गेलेली रक्कम ही या योजनेतील सर्वांत करुण गोष्ट आहे, आणि तिचे कारण नेहमी एकच सापडते: अर्ज करणारा माणूस वेगळा, बिले भरणारा वेगळा, आणि दोघांची गाठ पडलेली नाही.

पुरवठादाराशी भाव ठरवताना आणखी एक हक्क ध्यानात असावा. आपल्यासारख्याच दुसऱ्या ग्राहकाला तशाच सेवेसाठी तो जो नीचतम दर लावतो, त्याहून अधिक दर त्याने शाळेला लावू नये असा नियम आहे. तो पाळला गेला नाही अशा तक्रारीतून विस्कॉन्सिनमधील एका टेलिफोन कंपनीवर खटला झाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की या निधीत सरकारचा पैसाही मिसळलेला असल्याने खोट्या मागण्यांविरुद्धचा संघराज्यीय कायदा येथे लागू होऊ शकतो. त्या कायद्याखाली नुकसानीच्या तिप्पट भरपाई वसूल होऊ शकते. शाळांनाही यातून बोध घेण्यासारखा आहे, कारण फॉर्मवर खाली जी सही होते ती याच कायद्याच्या छायेत होते.

म्हणून दप्तर. सेवा संपल्यापासून दहा वर्षे सर्व कागद जपून ठेवावे लागतात: मागणी, आलेला प्रत्येक देकार, नाकारलेलेसुद्धा, गुणपत्रक, करार, बिले, भरणा केल्याचे दाखले, बसवलेल्या उपकरणांची खोलीवार यादी, धोरणाच्या सभेची सूचना. लेखापरीक्षक सात वर्षांनी येतो तेव्हा तेव्हाचे मुख्याध्यापक बदललेले असतात, विश्वस्त दुसऱ्या गावी गेलेले असतात, आणि कागद सापडला नाही तर रक्कम परत करण्याची पाळी येते. दप्तर एखाद्या व्यक्तीच्या ई-मेलमध्ये नसावे, शाळेच्या स्वतःच्या जागेत असावे, आणि पदभार सोपवताना त्याची यादी सोपवावी.

हे सारे वाचून एखाद्याला सल्लागार नेमावासा वाटेल, तर त्यात गैर नाही; फक्त त्याची फी योजनेतून मिळत नाही, त्याला लेखी अधिकारपत्र द्यावे लागते, आणि त्याचा कोणत्याही पुरवठादाराशी लागाबांधा असता कामा नये. त्याआधी आपल्या राज्याच्या ई-रेट समन्वयकाला गाठावे. त्याचा सल्ला विनामूल्य असतो, आणि लहान शाळेला बहुधा तेवढा पुरतो. मंजुरी नाकारली गेली तर पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत आधी युसॅककडे, आणि तेथे दाद न लागल्यास पुढील ६० दिवसांत आयोगाकडे अपील करता येते; कारकुनी स्वरूपाच्या चुका अपिलात पुष्कळदा सुधारून मिळतात, स्पर्धेच्या नियमांतील चुका सहसा मिळत नाहीत.

राहता राहिला आपल्या रविवारच्या मराठी शाळांचा प्रश्न, जो हमखास विचारला जातो. मंडळांनी चालवलेली ही शाळा राज्याच्या कायद्याने प्राथमिक वा माध्यमिक शाळा ठरत नाही, त्यामुळे तिला स्वतःच्या नावाने ई-रेट मिळत नाही. पण ती जर एखाद्या सरकारी शाळेच्या इमारतीत भाड्याने भरत असेल, तर तेथील इंटरनेट तिला वापरता येण्याची वाट नियमांत आहे. २०१० मध्ये आयोगाने अशी मुभा दिली की शाळेचे वर्ग चालू नसतील त्या वेळी, शाळेच्या आवारातच, बाहेरच्या लोकांना सवलतीतील सेवा वापरू देण्यास हरकत नाही. अट एवढीच की त्यासाठी शाळेने जास्तीची सेवा मागितलेली नसावी, आणि इंटरनेटचे म्हणून वेगळे पैसे आकारून तिची पुनर्विक्री होऊ नये. वीज, पहारा, ऊब यांचा वाढीव खर्च शाळा घेऊ शकते. ही मुभा देणे शाळेच्या मर्जीवर आहे, तिची सक्ती नाही. तेव्हा इमारतीच्या भाड्याचा करार नवा करताना, इंटरनेटच्या वापराची परवानगी त्यात एका वाक्यात लिहून मागावी, आपली मुले शाळेच्याच गाळणीखाली आणि शाळेच्याच धोरणानुसार ते वापरतील असे लिहून द्यावे, आणि भाड्याच्या बिलात ‘इंटरनेट शुल्क’ असा वेगळा रकाना दिसला तर तो जिल्ह्याच्या कचेरीच्या नजरेस आणून सही करण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावा.